बांधाकडचं वळण

रोशनबीनं कळशी कमरेवरून उतरवली, पण ओतली नाही. रत्नाबाई अजून मागंच उभी होती.

"हितं शिंपडलंय की मघाशी," रत्नाबाई म्हणाली. "धुरळा बसला म्हंजे झालं. लई पानी नगं."

"व्हय. तुमी व्हा म्होरं, मी आलेच."

शर्यतीआधी वाटेवर पाणी मारायचं काम यजमान गावच्या बायकांचं. भातकापणी उरकली की खाचरं मोकळी पडायची. त्यांतूनच मोटारसायकलींची वाट आखायची. मधले बांध म्हणजे उड्या. आज हंगामातली शेवटची शर्यत, पाळी माले गावची होती. रोशनबी पौडाची, गॅरेजवाल्या ताजुद्दीनची बायको. तिला कुणी बोलावलं नव्हतं. नवऱ्याबरोबर सकाळीच टेम्पोतून आली आणि आपणहून कळशी उचलली.

बायका पुढं गेल्या तशी तिनं शेवटच्या वळणावर, बांधाला अगदी खेटून, अख्खी कळशी उपडी केली. मग विहिरीवरून दुसरी आणली. नंतर आणखी एक. पिवळे कुठल्याही वळणाला अशीच आतून गाडी काढतात, हे तिला पाठ होतं. चिखलात पडणाऱ्याचं हाड मोडत नाही, एवढा विचारही तिनं करून ठेवला होता.

त्या हंगामात पिवळ्यांनी सगळ्यांना जेरीला आणलं होतं. पुण्याच्या कुणा टायरवाल्या शेटची ती टीम. नव्या गाड्या, पिवळे कपडे, पिवळी हेल्मेटं. उरवड्याला तेच पहिले, मुठ्याला तेच, पौडातही तेच. गावोगावच्या बघ्यांना पोरांची नावंही ठाऊक नव्हती. "आला बघा पिवळा" एवढंच म्हणायचे. पौडाची हिरवी टीम ताजुद्दीनच्या गॅरेजात तयार व्हायची, आणि हरणं तिच्या पाचवीलाच पुजलेलं. ताजुद्दीन इंजिन खोलायचा, जोडायचा, पुन्हा खोलायचा. रविवार आला की हिरवे आपले पिवळ्यांची धूळ खात मागं.

त्याचंही रोशनबीला फारसं वाटलं नसतं. पण पिवळे हंगाम जिंकले की तिचा धाकटा, नसीर, मद्रासला जाणार, हे ठरल्यात जमा होतं. पौडात आता आपलं काय राहिलंय, असं तो म्हणायचा. पिवळे एकदा जरी हरले तरी बेत रद्द, हेही त्यानंच सांगितलेलं. थोरला अलाउद्दीन असाच मद्रासच्या मोठ्या शर्यतींना गेला होता. अपघाताची तार आली, तेवढीच. त्याच्या मातीलाही तिला जाता आलं नाही. आता हे एकच लेकरू उरलं होतं, आणि ते हातातून निसटताना तिला नुसतं बघत बसावं लागत होतं.

रविवारी संध्याकाळी नसीर मान खाली घालून जेवायचा. धुळीनं भरलेले कपडे तिला धुऊ द्यायचा नाही, स्वतःच ओढ्यावर न्यायचा. दिवाळीपासून बापलेकांत बोलणं नव्हतं. एकाच घरात दोघं दोन तोंडांना. आपलेच दात नि आपलेच ओठ, रोशनबी बोलणार तरी कुणाला?

"नगं जाऊस रं," ती काल म्हणाली होती.

"शर्यत तर हू दे, अम्मा," एवढंच म्हणून तो उठला होता.

दुपारी शर्यत सुटली. रत्नाबाई तिच्याशेजारी बांधावर येऊन टेकली. "तुझं पोरगं बी हाय म्हनं ह्यात. कुटलं गं?"

"हाय की, त्या धुरळ्यात कुटंतरी."

"जपून चालवतंय ना?"

रोशनबीची नजर वळणावर होती. तिनं देव पाण्यात घातले होते. पीर, वेताळ, जो ऐकेल तो.

आणि त्या दिवशी कुणीतरी ऐकलं. शेवटच्या फेरीला हिरवा पुढं होता. अख्खं माले उभं राहून ओरडू लागलं. ताजुद्दीन हातातला पाना नाचवत धावला. पिवळा मागं पडला होता, चांगला दोन गाड्यांनी. आता फक्त ते वळण.

हिरवा बाहेरून गेला. कोरड्या फुफाट्यात त्याचं मागचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली. पिवळा बांधाला खेटून आत शिरला. आता घसरेल, आता पडेल, म्हणून रोशनबीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो घसरला नव्हता. चाकानं जमीन घट्ट धरली, आणि तो सरळ निघून गेला.

"भाताची जिमीन हाय बाई ही," रत्नाबाई हळहळत म्हणाली. "पोटभर पानी अन् वर चार तास ऊन मिळालं की फरशी व्हती. कुनी वतलं आसंल तितं एवढं पानी?"

रोशनबी आपल्या हातांकडे बघत राहिली. सकाळभर राबले होते ते.

ओरडणं कधीच थांबलं होतं. शेताचे मालक हैबतराव कर्ण्याच्या माइकसमोर उभे राहिले. "आपल्याकडची पोरं हारली, पर रीत सोडायची न्हाई. हंगाम मारनाऱ्या गड्याच्या आईला आमचं गाव साडी-नारळ देतं. मग तो कुटल्या बी टीमचा आसंना. या माऊली, म्होरं या!"

"कुटली गं ती नशिबाची?" रत्नाबाईनं मान उंच करून गर्दीत पाहिलं.

पिवळा गर्दीतून वाट काढत थेट त्यांच्याकडेच येत होता. त्यानं हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि मान खाली घातली.

"चल अम्मा," नसीर म्हणाला, "तुला बोलावत्यात."