सुटायचं राहिलं

मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, जाळीच्या पिंजऱ्यातली पहिलीच लढत तो गुणांवर हरला. दुसऱ्या दिवशी कोचने त्याला समोर बसवून मोबाइलवर व्हिडिओ दाखवला.

"हे बघ! त्याने तुला मागून धरलंय, बस्स. गळा मोकळा, हात मोकळे. कंबर वळवून सुटायचं, हे तर तुला झोपेतही जमतं. मग घंटा होईपर्यंत ढिम्म पडून काय राहिलास? दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात एकटाच काम करतोस ना, तिथे काढ झोपा. पिंजऱ्यात कशाला?"

सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरून त्याने तो व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला.


"पुढच्या वेळी सुटेन, सर. काल तेवढं जमलं नाही. घर सोडून आल्यापासून मला कुणी एवढं घट्ट धरलंच नव्हतं."