दीपगृहातली बाई

हवानातल्या त्या सिगारच्या कारखान्यात दिवसभर पुस्तक वाचून दाखवायला खास माणूस असतो. हात तंबाखूत, कान गोष्टीत. महिन्यापूर्वी यामिल्का त्या उंच खुर्चीवर बसू लागली. नवं पुस्तक कुठलं घ्यायचं, असं तिनं विचारलं, तर सिगार वळता वळता म्हातारी नेमेसिया म्हणाली, "दीपगृहातल्या बाईचं पुस्तक वाच, पोरी. तुझ्या आधीच्या एलादियोनं वाचलं होतं. तसलं पुस्तक पुन्हा कानांवर पडलं नाही बघ. चार महिने रोज आम्ही दाद द्यायला तंबाखू कापायची पाती आपटून टेबलं दणाणून सोडायचो."

यामिल्कानं तीन वाचनालयं पालथी घातली, पण त्या पुस्तकाचं नाव कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. शेवटी तिनं एलादियोची वाचनाच्या नोंदींची जुनी वही काढली. त्या चार महिन्यांपुढे त्यानं लिहिलं होतं: 'मागवलेली कादंबरी आलीच नाही. हातात मधमाश्या पाळायचं पुस्तक.'

दुसऱ्या दिवशी ती नेमेसियाजवळ वाकून हळूच म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण असं पुस्तकच नाही. एलादियो मनानंच रचून सांगत होता."

"ते का आम्हाला कळलं नव्हतं? तो वर बसायचा, आम्ही खाली. पुस्तकावरची एवढी मोठी मधमाशी रोज दिसायची की!"

"मग कुणी बोललं कसं नाही?"

नेमेसियाचे हात पहिल्यांदाच थांबले. "काय बोलतेस? बोललो असतो तर तो थांबला असता, आणि बाई तिकडे वादळात एकटी अडकलेली!"