मावळतीचा रंग

"आपल्या इंजिनांचा हा नारिंगी रंग मोठ्या साहेबांच्या पत्नीने आयोवाची मावळती पाहून निवडला," रेल्वे म्युझियमचा गाईड पाटीवरचं वाचून दाखवत होता.

"कसली मावळती?" म्हातारी वर्ना कडाडली. "इंजिनं काळी होती. धुक्यात इंजिन दिसलं नाही, म्हणून शंटिंग करताना ऑर्विल चिरडला. त्याला पुरून आले आणि रंगाऱ्यांनी कुणाला न विचारता इंजिनाचं तोंड नारिंगी केलं. तुझ्या साहेबाने त्यांना आठ दिवस घरी बसवलं."

"पण आजी, नारिंगीच का?"

"ऑर्विलने आमच्या ट्रॅक्टरसाठी तोच रंग आणून ठेवला होता. तो डबा रंगाऱ्यांना मी नेऊन दिला. पाटीवर 'पत्नीने' राहू दे. 'मोठ्या साहेबांच्या' तेवढं खोड."