निरोगी डोळे

“हनुवटी वर कर,” म्हणत धोंडाबाईंनी खोलीच्या दारातच हर्षालीची मान अंगठ्याने उचलली. “आन डोळे उघड नीट. खोट असंल तर आत्ताच कळू दे.”

साधनाने संमतीचा कागद दाराजवळच्या टेबलावर आपटला. जुन्नरच्या शाळेतल्या या खोलीत आठ दिवस ती एका अभ्यासासाठी निरोगी डोळ्यांचे फोटो काढत होती. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर नस जिथे शिरते ती चकती आणि जिथे नजर सगळ्यांत तीक्ष्ण असते तो बिंदू, या दोन्हींना जोडणारी रेषा किती कललेली आहे, एवढंच मोजायचं. लोक हौसेने यायचे. पण होणाऱ्या सुनेला तपासायला घेऊन आलेली सासू तिने पहिल्यांदाच पाहिली.

“पंधरा दिवसांवर लगीन आलंय,” बाहेरच्या बाकावरून धोंडाबाईंचे दीर भरतभाऊ म्हणाले. “वहिनीनं हट्टच धरला. पोरगी पडली लांबच्या मढ गावची, आमी पिंपरी पेंढारचे. आवो, बेल्ह्याच्या बाजारात गाय घेतानाबी मानूस बघूनच घेतो का न्हाई?”

ते हसले. साधनाने ओठ आवळले.

“तुझी इच्छा आहे ना?” तिने हर्षालीला विचारलं. “नसेल तर सही करू नकोस. कुणी जबरदस्ती करू शकत नाही.”

हर्षालीने भरतभाऊंकडे पाहिलं, मान हलवली आणि सही केली.

“बाई, पोराबाळांत उतरंल असा रोग ह्या फोटुत दिसतो का?” धोंडाबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं.

“काही वेळा दिसतो.”

“मंग नीट बघा. आत आनखी कोन येतं?”

“कुणी नाही. खोलीत अंधार लागतो.”

“मी येनार. भावजी, तुमी हितंच बसा.”

खिडक्यांना काळा कागद लावलेला होता. हर्षालीने मशिनवर हनुवटी टेकवली. मान जराशी कलली तरी कोन चुकतो, म्हणून साधनाने ती अलगद सरळ केली. धोंडाबाई स्टुलावर ताठ बसून कॉम्प्युटरकडे टक लावून होत्या.

दोनदा लख्ख उजेड पडला. उजवा डोळा सहा अंश, डावा साडेसात. पडदा स्वच्छ, कुठे डाग नाही.

“दोन्ही डोळे निरोगी आहेत,” साधना तुटकपणे म्हणाली. त्या बाईकडे तिला बघवतही नव्हतं. “पटलं? आता खुशाल सून करून घ्या.”

धोंडाबाई उठल्या. दार लागलंय ना, ते त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. मग हर्षालीसमोर येऊन त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. आवाज एकदम खाली गेला.

“पोरी, तुला एकटीला गाठायला मला दुसरी जागाच घावली न्हाई. माज्या लेकाची, आदेशची नजर चाललीया, आन भावजींनी, घरातल्या समद्यांनी ते तुज्यापास्नं लपवलंय. भाईर गेल्यावर तू लग्नाला न्हाई म्हन.”