शनिवारची शिकवणी

प्रिन्सिपल मिस हार्लननी टेबलावरून कागद पुढे सरकवला आणि तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "बाकीचं मी समजू शकते, अरुणा. पण ही उंटाची काय भानगड आहे?"

अरुणाने चष्मा लावला. स्वच्छ टाइप केलेलं इंग्रजी पत्र. खाली सही नाही, 'काळजी वाटणारे काही पालक' एवढंच. अमेरिकन इतिहासाचा ॲडव्हान्स्ड कोर्स शिकवणाऱ्या या बाई अमेरिकेत एक दिवसही राहिलेल्या नाहीत, त्यांना त्या देशाबद्दल आदर नाही, वगैरे वगैरे. आणि तिसरा मुद्दा : 'बाईंच्या मते स्वातंत्र्याआधीचे अमेरिकन म्हणजे शेळ्या होत्या आणि उंटावर बसलेला कोणीतरी त्यांना हाकत होता.'

अरुणाला आधी हसूच फुटलं. मग तिने तो मुद्दा परत वाचला.

वाक्य तिचंच होतं. लंडनमध्ये बसून समुद्रापलीकडच्या वसाहतींवर कर लादायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचाच प्रकार, असं ती म्हणाली होती. पण वर्गात नव्हे. वर्गातल्या वीस मुलांत मराठी कळणारी एकटी ऋचा, त्यामुळे तिथे अरुणा मराठीचा शब्दही काढत नसे. हे ती म्हणाली होती सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, एका शनिवारी सकाळी, ऋचाला चहावरच्या कराचा धडा परत समजावताना. "शेळी मीन्स गोट, राइट?" असं ऋचाने विचारलं, तेव्हा तिला न्यायला आलेली तिची आई, अरुणाची मैत्रीण मीनल, सोफ्यावर लोळून हसली होती. "काय चपखल बोलतेस गं! आमच्या बयेचं मराठीही सुधारेल तुझ्याकडे."

पत्र ऋचाने लिहिलं असतं तर अरुणाने ते पोटात घातलं असतं. सिंगापुरात वाढलेली पोर, कळलं नसेल तिला. पण पत्रातले 'सांस्कृतिक संवेदनशीलतेचा अभाव' हे काही सतरा वर्षांच्या मुलीचे शब्द नव्हते. ते वन-नॉर्थच्या ऑफिसात दिवसाला दहा ईमेल असल्या भाषेत लिहिणाऱ्या मीनलचे होते. आणि उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे पुण्यात वाढलेल्या मीनलला कोणी शिकवायला नको होतं.

कारणही लांब शोधायला नको होतं. गेल्या महिन्यात अरुणाने ऋचाला इतिहासात बी ग्रेड दिला. "एवढा ए करून टाक ना, युनिव्हर्सिटीचे फॉर्म जायचेत," असं मीनल म्हणाली होती. अरुणा नाही म्हणाली. त्यावर मीनल लगेच, "तुझं बरोबरच आहे गं," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने डबाभर गुळपोळ्या पाठवल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो कापला जात असताना अरुणा तुपाबरोबर गुळपोळी खात बसली होती.

"तुम्ही हे म्हणालात?" मिस हार्लननी विचारलं.

"म्हणाले. पण अर्थ तसा नाही." अरुणाने अर्थ सांगितला.

मिस हार्लन मनापासून हसल्या. "म्हणजे तुम्ही शेळ्यांच्याच बाजूने बोललात की! मग प्रश्न मिटला. कुठल्या तासाला म्हणालात ते फक्त सांगा. मी मुलांना विचारते आणि हे पत्र कपाटात टाकते."

तेवढंच तर अरुणाला सांगता येत नव्हतं. आपल्याच विद्यार्थ्याला घरी शिकवायचं नाही, फुकटसुद्धा नाही, असा शाळेचा कडक नियम होता. तसं लिहिलेल्या करारावर तिची सही होती. आपल्या माणसाच्या मुलीला चार गोष्टी समजावल्या, तर त्याला कोणी शिकवणी म्हणतं का, असं तिला आजवर वाटत आलं होतं. पण नियम मोडला म्हणजे नोकरी जाणार, नोकरीबरोबर सिंगापुरात राहू देणारा वर्क पास, पासबरोबर फ्लॅट. नवरा निशिकांत तिकडे बोटीवर, चार महिने यायचा नाही. आणि हे सगळं मीनलला पक्कं ठाऊक होतं. "कुठे बोलू नकोस हं," असं सांगणारी अरुणाच होती.

"आठवत नाही," अरुणा म्हणाली.

मिस हार्लननी पत्राची घडी घातली. "मग माझा नाइलाज आहे. सोमवारपासून तो वर्ग मिस्टर कोल घेतील. मार्कही तेच देतील. तुम्ही नववीचा भूगोल घ्या."

सहा वर्षं खपून उभा केलेला कोर्स सहा मिनिटांत गेला. स्टाफरूममध्ये बसून अरुणा वर्गाच्या फायली एकावर एक रचत होती. रडू येत होतं, पण शेजारच्या टेबलावर कोणी पेपर तपासत होतं म्हणून ती रडली नाही. पालकांना नव्या शिक्षकाबद्दलची ईमेल गेली आणि दहाव्या मिनिटाला तिचा फोन वाजला.

"अगं, आत्ता मेल वाचली!" मीनल म्हणाली. "मला तर धक्काच बसला. कोणाच्या पोटात दुखलं एवढं?"

अरुणाने पुढची फाइल ढिगावर ठेवली.

"एका परीने बरंच झालं म्हण. आता तू ऋचाची टीचर नाहीस, म्हणजे शनिवारची लपवाछपवी संपली. दहाला पाठवते तिला. सिव्हिल वॉर अजून कच्चं आहे बघ तिचं."

"थांब जरा," अरुणा म्हणाली. "विचारून सांगते."

"कोणाला विचारतेस?"

अरुणाने फोन बंद केला, फायली तशाच सोडल्या आणि कॉरिडॉर ओलांडून मिस हार्लनच्या दारावर टकटक केली.

"मला आठवलं," ती म्हणाली. "शनिवारी, माझ्या घरी. तिथे आम्ही तिघी होतो."