सायकलचं कुलूप

सुनेच्या सायकलला ट्रकने उडवलं, मांडीत सळई घालावी लागली आणि पुढे वर्षभर सासूनेच तिला उठवलं, बसवलं, चालवलं. लेकाने दवाखान्यात दोनदा तोंड दाखवलं, तेही खुर्ची टोचते म्हणून कुरकुरत.

आता सून खडखडीत बरी झाली होती. इस्त्रीच्या टेबलावर नकाशा पसरून, नऊशे किलोमीटरच्या वाटेवरच्या एकेका मुक्कामाला पेन्सिलीने गोल करत होती.

सोफ्यात रुतलेला लेक फिस्कारला, "एकदा हाडं मोडून हौस फिटली नाही वाटतं! आणि बारा दिवस माझ्या आईकडे कोण बघणार?"

सासूला हसावं की रडावं कळेना. आईच्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला म्हणे आईचा पुळका!

लेकाने तेवढ्यावर न थांबता सायकलला साखळी घातली, भलंमोठं कुलूप ठोकलं आणि घरातल्या सगळ्या किल्ल्यांसारखी हीही किल्ली आईच्या हातात दिली. "सांभाळ गं. तिला अजिबात द्यायची नाही."

"जिवापाड सांभाळते, राजा," ती म्हणाली.

सकाळी चहासाठी हाका मारून मारून दमल्यावर लेक उठला. दारात सायकल नव्हती. साखळी सोफ्याच्या पायाला घालून वर कुलूप लावलेलं होतं, आणि आई पिशवी घेऊन चपला चढवत होती.

"माझ्याकडे कोण बघणार, हाच घोर होता ना तुला? मी निघाले माझ्या बहिणीकडे; आता तू तुझ्याकडे बघ."