अठरावी गाडी

मेंढपाळ येल्लेच्या अंगणात लामर्ट त्याच्या विकाऊ गाडीखाली उताणा पडून टॉर्च फिरवत होता आणि त्याला गंज सापडत नव्हता. हे काही बरं लक्षण नव्हतं. बारा वर्षांची डिझेल गाडी, तीही नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या समुद्रबंधाऱ्यालगत, खाऱ्या वाऱ्यात राबलेली, आणि बुडाला गंज नाही म्हणजे काय!

"मिळाला का?" रूलीनं, त्याच्या बायकोनं, वरून विचारलं. येल्लेचा कुत्रा तिच्या बुटांवर हनुवटी टेकून निवांत पडला होता. लामर्टवर मात्र तो फाटकापासून भुंकत आला होता.

"धीर धर," लामर्ट गाडीखालून म्हणाला. "सापडेल."

ही अठरावी. आधीच्या सतरा गाड्या लामर्टच्या वहीत होत्या, प्रत्येकीच्या पुढे तिचा दोष. एकीच्या क्लचला जळका वास. एकीची ओढायची ताकद कागदावर बाराशे किलो, आणि यांची कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, तेराशेची. एकीचा मालक म्हणाला, हिनं जन्मात काही ओढलं नाही. मागच्या हुकाचा गोळा मात्र घासून घासून चांदीसारखा चकाकत होता. इथवर कुणीही शहाणा माणूस हेच करील. पण नववी गाडी त्यानं आत कुत्र्याचा वास येतो म्हणून सोडली होती, आणि चौदावी, मालक फार गोड बोलतो म्हणून.

कॅरव्हॅन तीन वर्षं एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये उभी होती. त्याआधी ती एकदाच बाहेर पडली होती, मेव्हण्याच्या गाडीमागे, थेट फ्रान्समधल्या नदीकाठच्या कॅम्पिंगच्या तळापर्यंत. तिथं ती ठरल्या जागेवर मागे घेताना लामर्टनं आधी कुंपण गाठलं, मग कुणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल, मग पुन्हा तेच कुंपण. अख्ख्या तळानं कॉफीचे कप घेऊन खुर्च्या त्याच्याकडे वळवल्या. नवा माणूस कॅरव्हॅन मागे घेतोय, ही फुकटची करमणूक कुठला डच सोडेल? शेवटी चौघांनी ती हातानं ढकलून जागेवर लावली. तेही चौघे जर्मन! "मेव्हण्याची गाडीच तसली," असं लामर्ट घरी पोचेपर्यंत म्हणत राहिला. आल्या आल्या त्यानं ही वही आणली.

यंदा रूलीनं वाद घातला नाही. ती आठवड्यातून दोनदा पोहायला जायची, कोरड्या केसांनी परत यायची आणि छान जेवायची. गेल्या सोमवारी शेंगा निवडता निवडता एवढंच म्हणाली, "शनिवारी सकाळी सातला निघायचं. तळावर जागा घेतलीय. बटाटे भरून ठेवलेत."

"जायचं कशानं? सायकलींनी?"

"येल्ले म्हणून एक मेंढपाळ आहे, त्याची गाडी विकायचीय. ती बघू. तीही नको असली तर मी आगगाडीनं जाईन. तू वही घेऊन बस."

म्हणून लामर्ट आज इथं होता. तो गाडीखालून बाहेर आला, अंग झटकलं. क्लच बघितला, इंजिनचा पट्टा बघितला, कागद बघितले. ओढायची ताकद सोळाशे किलो. येल्ले शेजारी उभा होता, पुरा दोन मीटर उंच, स्वतःच्या गोठ्यात वाकून शिरणारा.

"दहा वर्षं माझ्या मेंढ्या ओढल्यात हिनं," तो म्हणाला. "एकीनंही तक्रार केली नाही."

आता उरली फक्त बसून बघायची गोष्ट. तो चालकाच्या जागेवर घुसला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. आरशात रस्त्याऐवजी स्वतःचा सदरा दिसला. त्याचा चेहरा एकदम उजळला. वही निघाली.

"सीट अडकलीय! पार पुढे अडकून बसलीय!"

"अडकलेली नाही," येल्ले म्हणाला.

"मग अशी का?" लामर्टनं येल्लेच्या पायांकडे पाहिलं. हे पाय इथं मावणं शक्यच नव्हतं. "ही गाडी चालवतं तरी कोण?"

येल्लेनं आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग रूलीकडे, आणि मग फाटकाकडे बोट केलं. शेवाळलेल्या जुन्या खांबांत एक खांब कोरा करकरीत होता. "तिथला जुना यांनी पहिल्याच दिवशी उडवला. आता मात्र मेंढ्यांची ट्रॉली बाई त्या फाटकातून अशी मागे घेतात, की आतल्या मेंढ्या रवंथसुद्धा थांबवत नाहीत. दोन महिने चाललंय. दर मंगळवारी आणि गुरुवारी."

लामर्टनं मंगळवार आठवला. गुरुवार आठवला. सतरा गाड्यांचा गंज हुडकणारा तो माणूस बायकोच्या कोरड्या केसांकडे बघत राहिला.

त्याचे कान लाल झाले. बऱ्याच वेळानं त्याला हसू फुटलं, आधी नाकातून, मग पोटातून. त्यानं वही खिशात टाकली, सीटखाली हात घालून दांडी ओढली, आणि सीट खटखट करत मागे गेली. गुडघ्यांना ऐसपैस जागा झाली. उघड्या दारातून कुत्रा उडी मारून मागच्या बाकावर चढला आणि आपला वास घेऊन पसरला. लामर्टनं त्याला हाकललं नाही.

रूली गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारानं आत बसली. पट्टा लावला.

"पुढे तू चालव," ती म्हणाली. "मागे मी घेईन."